कोरेशाच्या नावाने

५ मार्च २०१८ रोजी व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शेजारी बसून बेन्यामिन नेतान्याहूंनी त्यांचे आभार मानले. जेरुसलेम ही इस्राएलची राजधानी असल्याचे ट्रम्प यांनी तीन महिन्यांपूर्वीच जाहीर केले होते. यहुदी लोकांची स्मृती दीर्घ असते असे सांगून नेतान्याहूंनी चार नावे घेतली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणी सम्राट सायरस, शंभर वर्षांपूर्वीचे लॉर्ड बाल्फोर, सत्तर वर्षांपूर्वीचे हॅरी ट्रुमन आणि आता ट्रम्प. पाहुण्याने यजमानाची स्तुती केली यात नवल नाही. पण यातले पहिले नाव अमेरिकेतल्या असंख्य ख्रिस्ती घरांत आणि प्रार्थनासभांत त्याआधीच दोन वर्षे घुमत होते, आणि तिथे ते राजनैतिक सौजन्य म्हणून घेतले जात नव्हते. तिथे ती भविष्यवाणी होती.

मराठी पवित्र शास्त्रात या सायरसचे नाव कोरेश असे येते. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस देव त्याला आपला मेंढपाळ म्हणतो आणि पुढच्याच अध्यायाच्या आरंभी आपला अभिषिक्त. एरवी ही पदवी इस्राएलच्या राजांना आणि याजकांना मिळते. जुन्या करारात दुसऱ्या कोणाही परक्या राजाला ती दिलेली नाही. २०१६ मध्ये लान्स वॉलनाउ या अमेरिकी प्रचारकाने या उताऱ्यावरून एक युक्तिवाद मांडला. निवडून येणारा राष्ट्राध्यक्ष पंचेचाळिसावा असेल, यशयाचा हा अध्यायही पंचेचाळिसावा. कोरेश देवाला ओळखत नव्हता, तरी देवाने त्याला हाती धरले. मग ट्रम्प यांचे घटस्फोट, कॅसिनो, स्त्रियांविषयीची भाषा यांचा बाऊ कशाला? देव अशाही माणसाला वापरतो. त्या नोव्हेंबरात श्वेतवर्णी इव्हॅन्जेलिकल मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठ जणांनी ट्रम्प यांना मत दिले. त्यांची कारणे अनेक होती: सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका, गर्भपाताचा प्रश्न, हिलरी क्लिंटन यांच्याविषयीचा जुना राग. पण ज्यांना उमेदवाराचे चारित्र्य टोचत होते त्यांची टोचणी कोरेशाने बोथट केली.

बायबलमध्ये राज्यकर्त्यांविषयी जे संदेष्टे बोलले, ते राज्यकर्त्याला आवर घालण्यासाठी बोलले. आज तीच वचने राज्यकर्त्याला सगळ्या आवरांतून मोकळे करण्यासाठी वापरली जातात. हा निव्वळ अर्थ लावण्यातला मतभेद आहे असे मला वाटत नाही. यात शास्त्राचाही घात होतो आणि लोकशाहीचाही.

आधी कोरेशाचेच पाहू. यशयाच्या त्या भागाचे श्रोते बाबेलमध्ये नेलेले बंदिवान होते. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास जेरुसलेम जळाले, मंदिर पडले, राजवंश संपला. अशा हरलेल्या लोकांना सांगितले जात होते की तुमची सुटका होईल, आणि ती एका परक्याच्या हातून होईल. ऐकणाऱ्यांना ते रुचले नसावे, कारण त्याच अध्यायात पुढे मातीने कुंभाराला जाब विचारू नये अशी खरमरीत समज आहे. दावीदाच्या वंशातला राजा सोडून हा इराणी कशाला, असे कोणीतरी नक्की विचारले असणार. म्हणजे त्या काळी हे वचन श्रोत्यांच्या अपेक्षेविरुद्ध गेले. आज त्याचा उपयोग नेमका श्रोत्यांना आधीच हवे असलेले त्यांच्या पदरात घालण्यासाठी होतो.

दुसरे असे की कोरेशाला कोणाचे मत नको होते. इ. स. पूर्व ५३९ मध्ये त्याने बाबेल घेतले ते सैन्याच्या बळावर. बंदिवानांनी त्याला निवडले नव्हते, ते त्याला काढूही शकत नव्हते. त्यामुळे त्याच्या कृत्यांची जबाबदारी त्यांच्यावर येत नव्हती. मतदाराची गोष्ट वेगळी आहे. तो सत्ता देतो आणि चार वर्षांनी काढून घेऊ शकतो. त्याने निवडलेल्या माणसाने जे केले त्यात त्याचा वाटा असतो. अशा मतदाराला 'हा देवानेच उभा केलेला कोरेश आहे' असे सांगितले की नागरिकाचे काम त्याच्या हातून काढून घेतले जाते. उमेदवाराला प्रश्न विचारणे म्हणजे देवाच्या निवडीला प्रश्न विचारणे ठरते. साम्राज्यातल्या प्रजेसाठी जे सांत्वन होते, ते प्रजासत्ताकातल्या नागरिकासाठी पळवाट होते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१३ च्या डिसेंबरापासून काही आठवडे कोरेशाचा मृत्तिकालेख प्रदर्शनात होता. ज्या पारशी समाजात सायरस हे नाव आजही घरोघर आहे, त्या समाजाच्या शहरात तो आला होता. वीतभर लांबीचा, भाजलेल्या मातीचा हा नळकांड्यासारखा लेख १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला आणि एरवी तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. त्यावर काय लिहिले आहे? बाबेलचा राजा नबोनायडस देवांना विसरला, म्हणून मार्दुक देवाने देशोदेशी धार्मिक राजाचा शोध घेतला आणि कोरेशाचा हात धरून त्याला बाबेलचे राज्य दिले. यशयात जे काम इस्राएलचा देव करतो तेच इथे मार्दुक करतो, आणि तेही जवळपास त्याच शब्दांत. बाबेलच्या पुरोहितांनाही हा विजेता आपल्याच देवाचा वाटला, किंवा तसे म्हणणे सोयीचे वाटले. श्रद्धावान माणूस म्हणेल की खरा देव एकच, बाकीच्यांनी त्याचे श्रेय चोरले. म्हणू द्या. पण विजेत्या राजाला कोणत्याही देवाचा शिक्का सहज मिळतो एवढे तरी त्या मातीवरून दिसते. इराणच्या शहाने १९७१ मध्ये अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा डोळे दिपवणारा सोहळा केला तेव्हा याच लेखाला त्याने सोहळ्याचे बोधचिन्ह केले. आठ वर्षांत त्याचे सिंहासन गेले.

आणि कोरेशाने सोडवलेल्यांचे पुढे काय झाले, ही गोष्ट तर सभांत कोणी वाचतच नाही. एज्राच्या पुस्तकात कोरेशाचे फर्मान आहे, मंदिराची भांडी परत दिल्याचा हिशेब आहे, परतलेल्यांची यादी आहे. पण सुमारे शंभर वर्षांनंतरचे नहेम्याचे पुस्तक उघडा. इराणी राजांचाच अंमल चालू आहे. राजाचा सारा भरण्यासाठी लोकांनी शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकले आहेत, पोटची मुले दास्यात दिली आहेत. नवव्या अध्यायाच्या शेवटी सगळी मंडळी उपास करून प्रार्थना करते, आणि त्या प्रार्थनेत कबूल करते की आपल्या पूर्वजांना मिळालेल्या या देशात आपण दास आहोत, जमिनीचे पीक परक्या राजांच्या घरी जाते, आपल्या देहांवर आणि जनावरांवर त्यांची मर्जी चालते. कोरेशाचे गुण गाणारे शास्त्र कोरेशाच्या साम्राज्याविषयी हेही लिहून ठेवते. उपकार मोठा होता म्हणून त्याने सारा वसूल करणाऱ्यांचा जुलूम झाकलेला नाही.

यशयाच्याच दहाव्या अध्यायात अश्शूरच्या राजाला देव आपल्या रागाची काठी म्हणतो, म्हणजे तोही निवडलेलाच. पण लगेच पुढे विचारणा येते की कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी काय, आणि मग त्या राजाच्या गर्विष्ठपणाचा हिशेब चुकता होतो. यिर्मया तर नबुखद्नेस्सराला देवाचा सेवक म्हणतो, ज्याने देवाचे मंदिर जाळले त्याला! 'देवाने वापरलेला' एवढे म्हटल्याने कोणी चांगला ठरत नाही, पाठिंब्याला पात्र ठरत नाही, शिक्षेतून सुटतही नाही. कोरेशाचे दोन अध्याय उचलायचे आणि हे बाकीचे झाकून ठेवायचे, हा वाचनाचा अप्रामाणिकपणा आहे.

आकड्यांच्या मेळाबद्दलही बोलले पाहिजे, कारण साध्या श्रद्धाळू माणसावर त्याचा प्रभाव फार पडतो. यशयाच्या मूळ लेखनात अध्यायांचे आकडे नव्हते. आज आपण वापरतो ती विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्लिश धर्मपंडित स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. अमेरिकेतही ट्रम्प हे मुळात पंचेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष होतात ते ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या दोन खंडित कारकिर्दी वेगवेगळ्या मोजल्या म्हणून. माणसे मोजली तर ते चव्वेचाळिसावे. मध्ययुगातली एक सोय आणि मोजणीचा एक संकेत यांची गाठ पडली, तिला दैवी खूण म्हटले गेले. बरे, हा नियम खरा मानायचा तर तो पुढेही लागू व्हायला हवा. जानेवारी २०२५ पासून ट्रम्प सत्तेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष आहेत. यशयाचा सत्तेचाळिसावा अध्याय बाबेलच्या पतनाचा आहे. मी सदैव स्वामिनी राहीन अशा मदात असलेल्या नगरीला धुळीत बसायला सांगणारा तो अध्याय आहे. तो अमेरिकेला लावावा असे मी म्हणत नाही. पंचेचाळिसावा लावणाऱ्यांनी तो का लावला नाही, एवढेच विचारतो. उत्तर उघड आहे: निकाल आधी ठरला होता, अध्याय नंतर शोधला गेला.

हे काही अमेरिकेतच सुरू झालेले नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'फिफ्थ मोनार्की' नावाचा पंथ होता. दानीएलाच्या सातव्या अध्यायातल्या दृष्टान्तात समुद्रातून चार श्वापदे वर येतात, चौथ्याला दहा शिंगे असतात आणि त्यांच्यातून एक बढाईखोर लहान शिंग फुटते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे शिंग म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट करणारा राजा अंतियोख एपिफानेस. इंग्लंडमधल्या या मंडळींना ते शिंग म्हणजे राजा पहिला चार्ल्स वाटले. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. आता चार श्वापदांची चार साम्राज्ये संपली, पाचवे ख्रिस्ताचे, अशी त्यांची खात्री झाली. चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर सही करणारा सेनानी टॉमस हॅरिसन त्यांच्यातलाच होता. १६५३ च्या जुलैत ऑलिव्हर क्रॉमवेलने धर्मनिष्ठ माणसांची नेमून दिलेली संसद भरवली तेव्हा त्यांना वाटले, संतांचे राज्य आले. डिसेंबरात ती संसद मोडली, क्रॉमवेल स्वतः 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला, आणि त्याच पंथाच्या उपदेशकांनी त्याच व्यासपीठांवरून जाहीर केले की लहान शिंग म्हणजे क्रॉमवेल. काहींना तुरुंग मिळाला. राजेशाही परतल्यावर हॅरिसनला १६६० मध्ये क्रूर रीतीने मारण्यात आले. जानेवारी १६६१ मध्ये टॉमस व्हेनरने मूठभर अनुयायांसह लंडनमध्ये सशस्त्र उठाव केला. तो काही दिवसांत चिरडला गेला आणि व्हेनरला फाशी झाली.

ही माणसे ढोंगी नव्हती. गरिबांना समजेल असा कायदा हवा, दशांशाची सक्ती नको, अशा त्यांच्या मागण्यांत आजही पटावे असे बरेच आहे. म्हणूनच त्यांची शोकांतिका मनाला लागते. मागण्या मोजता येण्याजोग्या होत्या, त्यांवर वाद घालता आला असता, थोडे देऊन थोडे घेता आले असते. पण समोरचा माणूस दानीएलातले शिंग आहे असे एकदा ठरले की त्याच्याशी तडजोड करायची कशी? संसद चालते ती, विरोधक चुकीचा असू शकतो आणि उद्या आपणही चुकीचे ठरू शकतो या गृहीतावर. भविष्यवाणीतले पात्र झालेला विरोधक फक्त पाडायचा असतो.

विसाव्या शतकात हाच प्रकार मोठ्या खपाच्या पुस्तकांतून पसरला. हॅल लिंडसे यांच्या १९७० च्या पुस्तकाने दहा शिंगे युरोपच्या सामाईक बाजारपेठेत शोधली. १९८१ मध्ये ग्रीस आत आला, सभासद दहा झाले, वाचक थरारले. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज सत्तावीस आहेत. हसण्यावारी न्यावा असा हा विषय नाही, कारण १९८४ च्या निवडणुकीतल्या जाहीर वादसभेत रोनाल्ड रेगन यांना हर्मगिदोनच्या महायुद्धाविषयीच्या त्यांच्या समजुतींबद्दल प्रश्न विचारावा लागला. धर्मपंडितांशी आपण त्यावर बोललो आहोत, पण त्यावरून धोरण ठरवलेले नाही, असे त्यांनी सांगितले. अण्वस्त्रे ज्याच्या हुकमात आहेत त्याला हा प्रश्न विचारावा लागणे हेच पुरेसे भयंकर आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मग शास्त्राने राजकारणावर बोलूच नये काय? मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात आमोसाचा आधार घेतला. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मशास्त्र्यांनी 'कायरॉस' दस्तऐवज काढला आणि वर्णभेदी सरकार पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून आज्ञापालन मागते, हा शास्त्राचा दुरुपयोग आहे असे ठणकावले. तेही शास्त्र राजकारणाला लावणेच नव्हते का?

होते. आणि मला ते योग्यच वाटते. फरक लावण्याच्या रीतीत आहे. संदेष्ट्यांची वचने लावण्याची एक रीत ओळखपरेडीची: रांगेत नेते उभे करायचे आणि हा कोरेश, हा शिंगवाला, हा श्वापद असे बोट ठेवत जायचे. दुसरी रीत मापाची: राज्यकर्ता कोणीही असो, त्याच्या कारभाराला तेच माप लावायचे. आमोसाने कोणते माप दिले? गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकू नका, तराजूत खोट करू नका, वेशीवर बसणाऱ्या न्यायाधीशांनी लाच घेऊ नये. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम आहेत: त्याने घोडे वाढवू नयेत, सोनेरुपे साठवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःच्या हाताने लिहून रोज वाचावी, भाऊबंदांहून स्वतःला मोठे समजू नये. शमुवेलाने राजा मागणाऱ्या लोकांना आधीच बजावले होते की तो तुमची मुले सैन्यात नेईल, शेते घेऊन आपल्या चाकरांना देईल आणि मग तुम्ही आक्रोश कराल. हे माप किंग यांनी वापरले, कायरॉसवाल्यांनी वापरले. ते केनेडींनाही लागते, ट्रम्प यांनाही लागते, बायडन यांनाही लागते. आणि आपल्या पक्षाची माणसे त्यात उणी पडली की लावणाऱ्याला दुखते. ओळखपरेडीत दुखणे नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

रोमकरांस पत्राच्या त्या तेराव्या अध्यायाचे पाहा. जून २०१८ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर स्थलांतरितांची मुले आईबापांपासून तोडण्याच्या धोरणाचे समर्थन करताना याच अध्यायाचा हवाला दिला: अधिकार देवाने नेमले आहेत, कायदा पाळा. हे लिहिणाऱ्या पौलाला रोमच्याच सत्तेने मारले अशी चर्चची परंपरा आहे. आणि नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तेरावा अध्याय तीच रोमी सत्ता श्वापदाच्या रूपात दाखवतो. एकाच शास्त्रात दोन्ही तेरावे अध्याय आहेत. सत्ताधारी पहिलाच वाचून दाखवतो तेव्हा दुसरा वाचून दाखवणे हे चर्चचे काम आहे. सेशन्स यांच्यावर तेव्हा अनेक चर्चनेत्यांनी, त्यांच्या स्वतःच्या मेथडिस्ट पंथातल्या लोकांनीही जाहीर टीका केली, हे नोंदवलेच पाहिजे.

खऱ्याखोट्या संदेष्ट्याची पारख कशी करावी, हा प्रश्न शास्त्रालाही पडला होता. अमेरिकेत तो अलीकडे पुन्हा उभा राहिला: २०२० मध्ये अनेक स्वघोषित संदेष्ट्यांनी ट्रम्प यांच्या विजयाची भाकिते केली. ती चुकल्यावर त्यांच्यापैकी जेरेमाया जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. त्यांना स्वतःच्याच वर्तुळातून शिव्या आणि धमक्या आल्या. भाकीत चुकल्याचा राग भाकितावर निघाला नाही, ते चुकले असे कबूल करणाऱ्यावर निघाला. त्या मंडळींना संदेष्टा नकोच होता, त्यांना पुरोहिताचा शिक्का हवा होता.

पहिल्या राजांच्या पुस्तकातला बाविसावा अध्याय यासाठी प्रत्येक चर्चमध्ये, प्रत्येक निवडणुकीआधी वाचला जावा असे मला मनापासून वाटते. अहाब राजाला रामोथ-गिलादवर स्वारी करायची आहे. चारशे संदेष्टे एका सुरात सांगतात, जा, जय तुझाच आहे. एक जण तर लोखंडाची शिंगे करून आणतो. तेवढ्यात अहाब म्हणतो की मीखाया म्हणून आणखी एक आहे, पण माझा त्याच्यावर राग आहे, तो माझ्याविषयी कधी चांगले बोलत नाही. मीखायाला आणायला गेलेला जासूद वाटेत त्याला समजावतो की बाकीच्यांसारखेच बोल. तो बोलत नाही. त्याच्या थोबाडीत बसते, आणि कोरड्या भाकरीवर त्याला कैदेत टाकले जाते. याच अहाबाने, आधीच्याच अध्यायात, नाबोथ नावाच्या शेतकऱ्याचा द्राक्षमळा खोट्या साक्षीवर त्याचा जीव घेऊन बळकावलेला आहे. चारशेंपैकी एकानेही त्याविषयी अवाक्षर काढल्याची नोंद नाही.

तेव्हा ख्रिस्ती असा किंवा नसा, अमेरिकेत राहत असा किंवा महाराष्ट्रात, पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून एखाद्या नेत्याचे नाव शास्त्रात सापडल्याचे सांगू लागला तर त्याला थांबवून विचारा: या नेत्याला न आवडणारी एक तरी गोष्ट तुम्ही देवाच्या नावाने त्याच्या तोंडावर सांगितली आहे काय? नाबोथाच्या मळ्याविषयी बोललात काय? याचे उत्तर मिळेपर्यंत त्या नेत्याला त्याच्या कारभारावरून जोखा, आणि भविष्यवाणीच्या नावाने मागितलेले मत देऊ नका.